बाई, तुम्ही वेळेत आला होता

बाई,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. सात जण बोलले आणि सातही जणांनी तुम्हाला ‘सोशिक’ म्हटलं. मी शेवटच्या बाकावर बसले होते. दर वेळी तो शब्द आला की माझं डोकं तापत होतं. सोशिक? बरोबरचं चिन्ह खाल्लं म्हणून अख्ख्या नववी ‘ब’ला मधली सुट्टी न देणाऱ्या मगदूम बाई सोशिक? ‘साहेब, तास चाललाय, बाहेर थांबा,’ असं संस्थेच्या सचिवांना दारातच सुनावणाऱ्या बाई सोशिक? माणूस गेला की त्याला इतकं घासतात की धरायला काही कंगोरा उरत नाही.

“वैशाली बोलेल की,” मुख्याध्यापक म्हणाले. माईक दिसला की पुढं होणारी मी. मोर्चात, चौकात, तहसील कचेरीच्या पायरीवर, कुठंही. परवा उठले नाही. मला जे सांगायचं होतं ते तिथल्या कुणालाच सांगायचं नव्हतं. ज्यांना सांगायचं होतं त्या हार घालून फोटोत बसल्या होत्या.

म्हणून इथं लिहिते. आणि आधीच सांगते, तुमच्याशी मी शेवटचं जे बोलले ते मला परत घेता येत नाहीये.

फेब्रुवारीतला शनिवार होता. सकाळची शाळा. तुम्ही चाचणीचे पेपर वाटत होता आणि उजव्या हातातनं पेपर निसटायला लागले. तुम्ही ते डाव्या हातात घेतले. अकरा पेपर राहिले होते. ते अकराच्या अकरा वाटलेत, मग खुर्चीवर बसलात, आणि मग तोंड वाकडं झालं. शिपाईमामांनी रिक्षा आणली. दवाखाना काही लांब नव्हता. पण मी संध्याकाळी पोचले तेव्हा डॉक्टर अक्कांना सांगत होते, “गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. पेशंट उशिरा आली. आमचा नाइलाज होता.”

अक्का, म्हणजे तुमची थोरली बहीण, नुसत्या मान हलवत राहिल्या. तुम्ही पलंगावर होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. सगळ्यांना वाटलं तुम्हाला काही कळत नाहीये. पण तुम्हाला ते वाक्य कळलं होतं. ‘उशिरा आली.’ पुढं कित्येक महिन्यांनी, शब्द थोडे परत आल्यावर, तुम्ही मला डाव्या हाताची बोटं उघडून दाखवलीत. आधी पाच. परत पाच. मग एक. अकरा. मला वाटलं काहीतरी मोजताय. “पेपर,” तुम्ही म्हणालात. “मी... वाटत बसले.”

म्हणजे इतके दिवस तुम्ही स्वतःलाच दोष देत होता! त्या अकरा पेपरांना. बाई, मला त्या क्षणी कुणाचा तरी गळा धरावासा वाटला होता. कुणाचा ते माहीत नव्हतं, एवढंच.

आजारपणातली एक गोष्ट मला आधी कबूल करायचीय. साधारण आठवा-नववा दिवस असेल. अक्का उशाशी बसून तुमचा जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होत्या. आणि तुमचा आवाज त्यात मिसळला. पाणी मागता येत नव्हतं, बहिणीचं नाव घेता येत नव्हतं, आणि मंत्र मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, एक अक्षर न अडखळता. अक्कांनी मला फोन केला तेव्हा त्यांना रडू आवरत नव्हतं. “वैशे, बोलली गं ती. पहिलं काय बोलली म्हाईत हाय?”

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सगळं वाचून तयार होऊन आले. “बाई, मी आलो,” असं दारातनंच ओरडले. पेठेतल्या पोरी आम्ही, पोरांसारखं आलो-गेलोच म्हणणार. आणि स्टुलावर बसून तुम्हाला समजावून सांगितलं. “ह्यात चमत्कार काय न्हाय बाई. जे लहानपणापासून घोकलंय ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतंय. बोलणं गेलं तरी ते राहतंय. लोकांना शिव्या राहतात, गाणी राहतात. मंत्रच पाहिजे असं काय न्हाय.”

खोटं नव्हतं त्यात काही. माझ्या कुठल्याच बोलण्यात कधी काही खोटं नसतं, हीच तर बोंब आहे.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग डोळे बारीक करून, वर्गात फळ्याकडं बोलवायच्या आधी बघायचा तसं माझ्याकडं बघितलंत, आणि सुरू झालात. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. धाडधाड. एकोणीस पाचे पंच्याण्णवला थांबून हनुवटीनं मला खूण केलीत, पुढं म्हण.

मला येईना.

“एकोणीस सक?” अक्कांनी विचारलं.

“थांबा की, आठवतो.”

“चौदोदरसे,” तुम्ही म्हणालात, आणि अर्ध्याच तोंडानं हसलात. एकशे चौदा. माझी पार इज्जत काढलीत. सगळे हसलो. मला वाटलं, बाईंना पटलं.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी अक्कांनी सांगितलं, “तवापासनं तू आलीस की ती मंत्र मनातच म्हणायची. म्हणायची, पोरगीला उगंच तरास नको.” आणि असंही म्हणाल्या, “तू चमत्कार, चमत्कार करत बसलीस. अगं, त्यात मागणं कुठं हाय? काय दे म्हटलंय का कुणाला? नुसता नमस्कार हाय त्यो.”

दहा वर्षं अंधश्रद्धेवर पत्रकं लिहितेय मी, बाई. माझ्या गल्लीच्या पलीकडं तुम्ही राहत होता. त्या पाच ओळींत काय आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर तुमचा दिनक्रम ठरला. सकाळी मूग आणि मटकी एकत्र करून अक्का परात पुढं ठेवायच्या, तुम्ही व्यायाम म्हणून उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती निवडायची. निवडून झाली की अक्का परत मिसळायच्या. तुम्ही रागानं बघायचा. “बघू नको अशी,” अक्का म्हणायच्या, “पोरांना तू काय केलंस तीस वर्षं? तेच की.” सूर्य मावळायच्या आत जेवण. मी कधी उशिरा आले तर अक्का ताट झाकून ठेवायच्या आणि वर बडबडायच्या, “हिच्या क्रांतीला भूक बी अवेळीच लागती.”

आणि शनिवार. शनिवार तुमचा आभाराचा. दर शनिवारी एकाच माणसाकडं जायचं. पहिल्या शनिवारी तो रिक्षावाला, मग दवाखान्यातली झाडलोट करणारी मावशी, मग तुमची खुर्ची जिन्यावरनं उचलून खाली आणणारी तालमीतली पोरं. तालमीची फुटबॉलची टीम ती, पोरं जर्सीतच होती, मॅच हरून आलेली, तोंडं पडलेली. त्यांच्यापुढं तुम्ही खुर्चीतनं नमस्कार केलात. तुमचा नमस्कार मी विसरू शकत नाही. उजवा हात आपला आपण उठत नव्हता. डाव्या हातानं त्याला मनगटाशी धरून आणायचं, छातीपुढं उभा करायचा, आणि तो पडायच्या आत डावा त्याला टेकवायचा. दोन-तीनदा पडायचा. तुम्ही परत आणायचा. पोरांपैकी एक गांगरून म्हणाला, “बाई, राहू दे की, आम्हाला पाप लागंल.” तुम्ही थांबला नाहीत. जुळेपर्यंत थांबला नाहीत.

मला राग यायचा. खरं सांगते, फार राग यायचा. तुमचा अर्धा देह गेला होता आणि तुम्ही आभार मानत फिरत होता. माझ्या पिशवीत तक्रारीचा अर्ज होता. एप्रिलपासून होता. तुमच्या सहीची जागा सोडून सगळं लिहून ठेवलेलं. दवाखान्यानं काय केलं, कुठला डॉक्टर कधी आला, कुणी कुणाला कळवलं, याची चौकशी व्हावी. मला आतून खात्री होती की काहीतरी दडवलंय. पण खात्रीवर चौकशी होत नाही, पेशंटच्या सहीवर होते. मी दर खेपेला अर्ज काढायची. तुम्ही दर खेपेला तो वाचायचा, शेवटपर्यंत, आणि परत द्यायचा.

“का पण?”

“मला... माहीत नाही.” म्हणजे काय झालं ते माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीवर सही नाही. गणिताच्या बाई शेवटी.

“तुम्हाला माहीत नसणार, बाई, तुम्ही बेशुद्ध होता! म्हणून तर चौकशी.”

“अकरा,” तुम्ही म्हणायचा. विषय संपला.

मग भाद्रपद आला. गणपती गेले आणि तुमचं पर्युषण पर्व संपलं. त्यानंतर तुमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. ज्याला त्याला जाऊन म्हणायचं, वर्षभरात माझ्याकडनं कळत-नकळत दुखावला असाल तर क्षमा करा. समोरच्यानंही तेच म्हणायचं. शाळेत असताना तुम्ही वर्गात येऊन आम्हालाही म्हणायचा, आणि आम्ही नालायक कार्टी एकमेकांना कोपरं मारून हसायचो. या वर्षी तुम्ही अक्कांना घेऊन कुठं गेलात? दवाखान्यात. अपघात विभागात. त्या शनिवारी ड्युटीवर होत्या त्या रेखा सिस्टरना शोधून काढलंत. कारण काय, तर त्या दिवशी तुमचं डोकं बधिर झालं होतं, आणि त्या सलाईन लावताना तुम्ही डाव्या हातानं त्यांना ढकललं होतं. ते तुम्हाला आठवत होतं. त्याची क्षमा मागायला तुम्ही गेला होता.

पुढचं मला तुम्ही स्वतः सांगितलंत. तासभर लागला. तुमचे शब्द, अक्कांचे शब्द, हातवारे. तुम्ही हात जोडलेत, तुमच्या पद्धतीनं, दोन-तीनदा पाडून. सिस्टर बघत राहिल्या. मग त्या खाली बसल्या, तुमच्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर, आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही वेळेत आला होता.”

तुम्ही साडेअकराला आला होता. डॉक्टरांना निरोपच गेला नव्हता. सिस्टर एकट्या, पेशंट रांगेनं. निरोप द्यायचं ज्याचं काम होतं तो जागेवर नव्हता. दुपारी डॉक्टर आले, तेव्हा वेळ निघून गेली होती. मग कुणीतरी वरून सांगितलं, कागदावर आल्याची वेळ तीनची टाक. सिस्टरनी टाकली. नोकरी होती, घरी पैसे जात होते, टाकली. तो कागद आपल्यापैकी कुणी कधी बघितलाच नव्हता. आणि तेव्हापासून त्या तुम्हाला टाळत होत्या. आभाराच्या शनिवारी तुम्ही एकदा येऊन गेलात, तेव्हा त्या औषधांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

“वेळेत,” तुम्ही मला सांगत होता. “वैशे. वेळेत. मी.” तुमचा चेहरा, बाई! मला तो चेहरा एकदाच बघायला मिळाला. मुलीचा चेहरा होता तो. सात महिने अकरा पेपर छातीवर घेऊन झोपलेल्या बाईच्या छातीवरनं कुणीतरी ते उचलून घेतले होते.

“हे घरातल्या घरात हं,” अक्का म्हणाल्या.

“व्हय व्हय,” मी म्हणाले.

मी जिना उतरेपर्यंत पत्रक डोक्यात तयार होतं.

मी बचाव करत नाही. काय घडलं तेवढंच सांगते. मला असंच शिकवलंय. पुरावा हातात आला की थांबायचं नाही, थांबलं की दडपला जातो. मी संघटनेच्या कचेरीत बसून एका बैठकीत लिहिलं. मथळा मोठा, ओळी छोट्या. आमच्या वकीलसाहेबांनी वाचलं आणि दवाखान्याच्या नावावर काट मारली. “अब्रुनुकसानीचा दावा लावतील. ‘शहरातील एक नामांकित रुग्णालय’ घाल.” मी घातलं. तुमचं नाव मी आपण होऊनच घातलं नव्हतं, ‘एक शिक्षिका’ लिहिलं होतं, त्याचा मला अभिमानही वाटला होता. आणि खाली, जाड ठशात: ड्युटीवरील परिचारिकेने स्वतः कबूल केले.

पत्रकं बिंदू चौकात वाटली. फोनवरनं फिरली. तिसऱ्या दिवशी रेखा सिस्टरना घरी बसवलं. त्या शनिवारी ड्युटीवर परिचारिका होतीच किती? एक. दवाखान्याला ओळखायला किती वेळ लागणार होता? तुमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही ते गणित सुटलं असतं.

मला सुटलं नाही. मी पत्रकात रमले होते.

अक्कांचा फोन आला. “ये. बोलावलंय तिनं.” आवाजात काही नव्हतं, शिवीसुद्धा नाही.

तुमच्या मांडीवर पत्रक होतं. जाड ठशातल्या ओळीवर तुमचं बोट होतं. कितीतरी वेळ तुम्ही शब्द शोधत होता आणि मी, बाई, मी घड्याळ बघितलं. मला पुढं बैठक होती.

“हे... माझं नव्हतं,” तुम्ही म्हणालात. “तिचं. मला... दिलेलं.”

“बाई, त्यात खोटं काय हाय? एक शब्द खोटा दाखवा.”

“सगळं खरं.” तुमचं बोट ओळीवरनं हललं नाही. “म्हणून तर.”

“म्हणून तर काय? दवाखाना कुणाला काढतोय, तिला! चूक त्यांची. माझी काय चूक?”

“जा,” तुम्ही म्हणालात. “तिच्याकडं.”

“माफी मागायला? मी? त्यांनी तुमचं आयुष्य...” आणि मग मी ते म्हणाले. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. “कृतज्ञता हा तुमचा आजार हाय, बाई. ह्याच्यापेक्षा झटका परवडला.”

तुम्ही पत्रकाची घडी घातलीत. एका हातानं, मांडीवर दाबून. तुम्ही वर बघितलं नाहीत.

मी निघाले. पायरीवर अक्का मागून म्हणाल्या, “चपला उलट्या घातल्यायस.” मी तशीच गेले. कोपऱ्यापर्यंत तशीच, उलट्या चपलांनी, मान ताठ.

नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळी, मूग निवडता निवडता. दुसरा झटका. या वेळी रुग्णवाहिका लगेच आली, डॉक्टर दारात उभे होते, सगळं वेळेवर झालं. काही उपयोग झाला नाही. आरोळी ठोकायला समोर कुणीच नाही, बाई. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि कुणी सापडेना.

नऊ दिवस होते माझ्याकडं. तुमचं घर माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. मी ‘बाईच बोलावतील’ म्हणून बसून राहिले. पोर रुसलं की शिक्षकांनीच परत बोलवायचं असतं, असं कुठं तरी डोक्यात होतं. चौथीतल्या पोरीसारखं.

रक्षाविसर्जन झाल्यावर अक्कांनी मला थांबवून घेतलं. आतून एक वही आणली. गणिताची, चौकटीची. तुम्ही डाव्या हातानं लिहायला शिकत होता हे मला माहीत होतं. एका चौकटीत एक अक्षर. चौकट सुटली तर परत. मला वाटलं, सराव असेल. बाराखडी असेल.

“वाच,” अक्का म्हणाल्या. “त्या दिवसापासनं बसलीती. रोज दोन ओळी, तीन ओळी.”

वर दवाखान्याचं नाव होतं. पूर्ण, पत्त्यासकट. त्याखाली तुमचं नाव. पूर्ण. मग एका चौकटीत एक अक्षर असं, आठ दिवसांचं:

‘मी शनिवारी साडेअकरा वाजता आले होते. मी वेळेत आले होते. कागदावर तीन लिहिले आहे ते चूक आहे. रेखा सिस्टर यांनी माझी काळजी घेतली. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांना कामावर घ्यावे. चौकशी करायची तर ज्यांनी वेळ बदलायला सांगितले त्यांचे’

तिथं थांबलंय.

मी अंगणात बसले, बाई. सहा महिने मी जी सही मागत होते ती तुम्ही देत होता. मागितल्याशिवाय. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं म्हणून तुम्ही दिली नव्हती, आता माहीत होतं म्हणून देत होता, इतकं साधं होतं ते. आणि त्याच कागदावर उपकारही लिहिले होते. दोन्ही एकाच शाईनं, कुठं सांधा दिसत नाही. मी तुम्हाला आजारी म्हणाले. माझ्या पत्रकात दवाखान्याचं नाव नव्हतं, तुमचं नव्हतं, माझंही नव्हतं. तुमच्या वहीत तुम्हाला माहीत असलेली सगळी नावं होती. भीती होती ती माझ्याकडं होती. आवाज मोठा होता, म्हणून कळलं नाही.

“हे पोचवायचं,” अक्का म्हणाल्या.

“दवाखान्यात?”

“आधी त्या पोरीकडं. तिच्याबद्दल लिवलंय. तिनं वाचाय नको?”

बघा. अक्कांना जे एका वाक्यात सुचलं ते मला दहा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही शिकवायला निघाला होता. ‘जा, तिच्याकडं.’ मी बैठकीला गेले.

मागच्या आठवड्यात सिस्टरच्या गावी गेले. चंदगडची एस. टी., पुढं वडापची जीप, पुढं चालत. भाताची कापणी चालली होती. रेखा सिस्टर खाचरात होत्या, डोक्याला टॉवेल बांधून. त्यांच्या आईनं ओळख ना पाळख, “या पावणं,” म्हणून गूळ-पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या माउलीनं तांब्या उचलून आत नेला.

सिस्टर बांधावर आल्या. मी वाटेत चार तास भाषण तयार केलं होतं. एक वाक्य आठवेना. “मला क्षमा करा,” एवढंच म्हणाले. उभ्या-उभ्या. आयुष्यात पहिल्यांदा, आणि अगदी वाईट जमलं.

“तुमचं पत्रक वाचलं मी,” सिस्टर म्हणाल्या. “चांगलं लिहिता. दवाखान्याचं नाव का नाही घातलंत?”

“वकील म्हणाले, दावा लावतील.”

“आणि मी लावणार नव्हते. म्हणून माझं चाललं.”

मी पिशवी उघडली.

मी वही दिली. हात डोक्याच्या टॉवेलला पुसून त्यांनी ती घेतली, आणि बोट ठेवत ठेवत वाचली, चौकट चौकट. उपकारांच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. मग शेवटी आल्या. ‘त्यांचे’. पुढच्या सगळ्या चौकटी मोकळ्या.

“इथं येणारं नाव मी बाईंना सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी विचारलंही नाही.”

माझ्या पिशवीत पेन होतं, बाई. फोन होता. जिभेवर प्रश्न होता, एकच, तीन शब्दांचा. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे. इतका जवळ आलेला पुरावा मी कधी सोडलेला नाही.

मी गप्प बसले. नुसती गप्प. त्याला इतकी ताकद लागते हे मला माहीत नव्हतं.

सिस्टरनी वही मिटली, घरात नेऊन ठेवली आणि विळा घेऊन परत आल्या. “क्षमा-बिमा आज जमायचं नाही मला,” म्हणाल्या. “भात पडलंय. तुमची गाडी साडेतीनला आहे.” आणि खाचरात उतरल्या.

वकीलसाहेब विचारतात, वहीचा फोटो तरी काढलास का? नाही काढला. मग केस कशावर उभी करायची? सिस्टरना वाटलं तर उभी राहील. नाही वाटलं तर? नाही वाटलं तर नाही. ते माझ्याकडं असे बघतात की जणू मलाही झटका आलाय.

मला अजून राग येतो, बाई. तो गेलेला नाही आणि जाऊही नये. ज्यानं तीनचा आकडा टाकायला लावला तो, कोण का असेना, आजही कडक इस्त्रीच्या शर्टात कामावर जातोय, आणि तुम्ही नाही आहात. मला रात्रंदिवस ते खुपतं. तुमच्यासारखे हात जोडायला मला जमणार नाही. पण दर शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास कुठंही असले तरी हातातलं काम खाली ठेवते, आणि त्या वेळी मला घोषणा आठवत नाही.

मला तुमचे आभार मानायचे होते. कशाचे, ते लिहायला बसले की यादी होते, आणि यादी पत्रकात शोभते. आणि क्षमा मागायची होती. ती मागायची जागा सात मिनिटांवर होती.

हे सगळं लिहून झाल्यावर मी सिस्टरना पाठवलं. त्यांचं नाव बदललंय, गावाचं घातलेलं नाही. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग दोन परिच्छेदांवर खूण होऊन आलं, ‘हे नको. हे पण नको.’ कारण दिलं नव्हतं, मी विचारलं नाही. काढले. दोन्ही फार चांगले जमले होते. मग अक्कांना वाचून दाखवलं. त्या मूग निवडत होत्या, अजून रोज निवडतात. सगळं ऐकून म्हणाल्या, “मला एवढं बडबडी दाखवलंयस व्हय? बरं, असू दे.”

दोघींना विचारून झालं. राहिलात तुम्ही.

बाई, छापू का?